फडके, कँडल आणि शेवाळाचे विष

२ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील टोलेडो शहराने नागरिकांना बजावले की नळाचे पाणी पिऊ नये, आणि ते उकळूनही पिऊ नये. ईरी सरोवरातून शहराला येणाऱ्या पाण्यात मायक्रोसिस्टिन नावाचे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडले होते. सरोवरावर पसरलेल्या नील-हरित शेवाळाने ते तयार केले होते. चार लाखांहून अधिक लोकांच्या पिण्याच्या पाण्याची सोय एका रात्रीत बंद पडली. दुकानांतले बाटलीबंद पाणी पाहता पाहता संपले आणि ४ ऑगस्टला सूचना मागे घेतली जाईपर्यंत शहर बाहेरून आणलेल्या पाण्यावर राहिले. या सूचनेतला उकळण्याबद्दलचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. पाण्याबद्दल शंका आली की ते उकळावे, ही शिकवण शंभराहून अधिक वर्षे डॉक्टरांनी, शाळांनी आणि सरकारांनी घरोघरी पोचवली आणि तिने असंख्य जीव वाचवले. इथे मात्र ती लागू पडत नव्हती. उकळल्याने हे विष मोडत नाही. उलट पाणी आटल्यावर लिटरमागे त्याचे प्रमाण वाढते, आणि पाण्यात शेवाळाच्या जिवंत पेशी असल्या तर त्या फुटून आतले विषही पाण्यात उतरते. मग लोकांनी साहजिकच पुढचा प्रश्न विचारला. घरातला फिल्टर तरी हे विष काढतो का?

या प्रश्नाचे खरे उत्तर असे की काही फिल्टर, काही अटींवर आणि काही काळापुरते ते काढतात. हे उत्तर इतके सावध का द्यावे लागते, ते फिल्टरच्या इतिहासावरून कळते. घरगुती फिल्टरची प्रत्येक पिढी तिच्या काळातल्या एका ठरावीक भीतीसाठी तयार झाली. कापडाच्या गाळणीने डोळ्यांना दिसणारा गाळ आणि किडे रोखले, चिनी मातीच्या कँडलने जिवाणू रोखले, आणि अलीकडच्या आरओ यंत्राने पाण्यातले क्षार रोखले. शेवाळाचे विष यांपैकी पहिल्या दोन चौकटींच्या मधून निसटते, कारण आधी ते एका जिवंत पेशीत असते आणि पेशी फुटली की पाण्यात विरघळलेला रेणू होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गेल्या दीडशे वर्षांत जिथे जिथे पाणी खरोखर निर्धोक झाले, तिथे ते पाणवठा आणि सार्वजनिक शुद्धीकरण सुधारल्यामुळे झाले. घरातल्या फिल्टरने त्या कामाला हातभार लावला, पण त्याची जागा त्याला कधीच घेता आली नाही. शेवाळाच्या विषाबाबत हे अधिकच खरे आहे.

आपल्याकडे पाणी गाळण्याची रीत फार जुनी आहे. कापडाने गाळलेले पाणी प्यावे हा दंडक मनुस्मृतीत आहे. जैन घरांत पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात आणि फडक्याला चिकटलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच पाणवठ्यात सोडतात. गढूळ पाण्यात निवळीच्या बिया उगाळून टाकण्याचा उपाय सुश्रुतसंहितेत सांगितला आहे, आणि तुरटी फिरवून गाळ खाली बसवणे तर कालपरवापर्यंत गावोगाव चालत होते. या साध्या रीतींमागे केवढी शक्ती होती, हे नारूच्या रोगाने दाखवून दिले. १८७० मध्ये अलेक्सेई फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने शोधून काढले की नारूची अळी सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक जीवाच्या पोटातून माणसाच्या शरीरात जाते. सायक्लॉप्स जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, तेव्हा साधे दाट विणीचे फडकेही त्याला अडवते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या अभ्यासात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरले. कॉलऱ्याचा जिवाणू फडक्याच्या छिद्रांपेक्षा खूप लहान असतो, पण तो अशाच बारीक जलजीवांना चिकटून राहतो. जलजीव अडला की त्याच्यावर बसलेला जिवाणूही अडतो. म्हणजे शत्रू पुरेसा मोठा असेल, किंवा मोठ्याच्या पाठीवर बसून येत असेल, तर घरातले फडकेही पुरते.

शत्रू त्याहून लहान निघाला तेव्हा काय झाले, हे युरोपच्या एकोणिसाव्या शतकाने पाहिले. लंडनमध्ये थेम्स नदीचे पाणी मैल्याने भरले होते आणि मध्यमवर्गीय घरांत फिल्टर ठेवणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जात होते. लॅम्बेथच्या डॉल्टन कारखान्यात दगडी मातीची नक्षीदार फिल्टर-भांडी तयार होत. त्यांत आणि त्यांच्यासारख्या इतर भांड्यांत कोळसा, वाळू किंवा या दोन्हींचे मिश्रण भरलेले असे. पाणी खाली उतरे तेव्हा स्वच्छ दिसे आणि त्याचा वासही गेलेला असे, त्यामुळे ते शुद्ध झाले अशी घरातल्यांची खात्री होई. १८९४ मध्ये सिम्स वुडहेड आणि कार्टराइट वुड या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बाजारातल्या घरगुती फिल्टरांची तपासणी प्रसिद्ध केली. बहुतेक फिल्टर जिवाणूंना रोखत नाहीत, असे त्यांना आढळले. कोळशाच्या जुन्या थरात जिवाणू वाढतात आणि आत गेलेल्या पाण्यापेक्षा बाहेर आलेले पाणी वाईट असू शकते, हेही त्या काळात लक्षात येऊ लागले होते. पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाने वापरलेली वस्तू आपले काम करत नव्हती, आणि वापरणाऱ्याला ते कळायला काही मार्गही नव्हता. पाण्याचा रंग आणि वास यांवरून त्याची पारख करण्याची सवय किती घातक ठरते, याचा हा एक मोठा धडा होता.

कसोटीला उतरलेले मोजके फिल्टर नव्या जातीचे होते. पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलाँ याने १८८४ मध्ये चकाकी न दिलेल्या चिनी मातीची पोकळ नळी वापरून जिवाणू अडवून दाखवले. १८९१ मध्ये जर्मनीत विल्हेल्म बर्केफेल्ड याने डायटम मातीची कँडल बाजारात आणली. डायटम हेही एक शेवाळच आहे. त्याच्या काचेसारख्या सूक्ष्म कवचांचे थर हॅनोव्हरजवळच्या जमिनीत साठले होते आणि त्यांतून ही कँडल घडवली जाई. पुढे आपल्याकडे पितळेच्या आणि स्टीलच्या दोन मजली फिल्टरांत बसलेली पांढरी कँडल याच घराण्यातली. पण या कँडलने आपली मर्यादाही लगेच दाखवून दिली होती. १८८८ मध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी घटसर्पाच्या जिवाणूंचे द्रावण शांबरलाँच्या नळीतून गाळले. जिवाणू वर राहिले आणि खाली आलेला द्रव नितळ होता. तो प्राण्यांना टोचल्यावर प्राणी तरीही मेले. जिवाणूने सोडलेले विष नळीच्या छिद्रांतून सरळ पार झाले होते. पेशी अडवणे आणि पेशीचे विष अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे विज्ञानाला त्याच दिवसांत कळले, आणि ते कळले फिल्टरमुळेच.

गंमत नव्हे, दुर्दैव असे की ही समज पाणी पिणाऱ्यांपर्यंत पोचायला शंभर वर्षे लागली. खरे तर शेवाळाच्या विषाची नोंद रू आणि येर्सिन यांच्याही दहा वर्षे आधी झाली होती. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी नेचर नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराबद्दल लिहिले. मरे नदीच्या मुखाजवळच्या या सरोवरावर हिरव्या तैलरंगासारखी दाट साय धरली होती आणि ते पाणी पिऊन गुरे, मेंढ्या, घोडे, कुत्री मरत होती. फ्रान्सिस यांनी ती साय एका मेंढीला पाजून पाहिली आणि ती मेली. पण त्यानंतर दीर्घकाळ शेवाळ हा गुरांचा, किंवा फार तर पाण्याच्या वासाचा आणि चवीचा प्रश्न समजला गेला. १९५० च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी मायक्रोसिस्टिस या शेवाळातून यकृत नासवणारे विष वेगळे केले, आणि १९८० च्या दशकात त्याची नेमकी रचना उलगडली. सात अमिनो आम्लांची ही एक बंद साखळी आहे, आणि त्या बंद रचनेमुळेच उकळत्या पाण्यालाही ती दाद देत नाही. पोटातून ती यकृताच्या पेशींत शिरते आणि तिथली अत्यावश्यक विकरे बंद पाडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या एका प्रकाराची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठरवली. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत अवघे एक मिलिग्रॅम. इतकेसे विष डोळ्याला दिसत नाही आणि जिभेलाही लागत नाही.

पेशी आणि विष यांतला फरक विसरला की काय होते, ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये दिसले. तिथल्या मूलनिवासी वस्तीला सॉलोमन धरणाचे पाणी मिळे. धरणात शेवाळ माजले, पाण्याला वास येऊ लागला, म्हणून नेहमीच्या पद्धतीने पाण्यात मोरचूद टाकला गेला. शेवाळ मेले. काही दिवसांतच १३८ मुले आणि १० मोठी माणसे यकृताच्या आणि आतड्यांच्या आजाराने उपचारांसाठी दाखल झाली. मेलेल्या पेशी फुटल्या होत्या आणि आतले विष एकदम पाण्यात मोकळे झाले होते. शेवाळ जिवंत आणि अखंड असताना त्यातला बराच भाग निदान गाळून काढता आला असता, पण मारल्यावर तीही सोय गेली. या विषाला पुढे सिलिंड्रोस्पर्मोप्सिन हे नाव मिळाले आणि त्याची रचना १९९२ मध्ये स्पष्ट झाली. घरात पाणी उकळणारी व्यक्ती किंवा शेवाळाने भरलेली कँडल आठवडाभर तशीच ठेवणारे कुटुंब नकळत हीच चूक लहान प्रमाणावर करत असते. अडकलेल्या पेशी तिथेच मरतात, फुटतात, आणि पुढच्या हंड्याबरोबर त्यांचे विष खाली उतरते.

फिल्टर असूनही माणसे दगावली, असा प्रसंग ब्राझीलमधल्या करुआरू शहरात १९९६ च्या फेब्रुवारीत घडला. तिथल्या एका डायलिसिस केंद्राला टँकरने येणारे पाणी ज्या जलाशयातून भरले जाई, तो शेवाळाने भरला होता. केंद्रात वाळूचा थर होता, कोळशाचा स्तंभ होता, क्षार काढणारी राळ होती आणि शेवटी सूक्ष्म छिद्रांची गाळणीही होती. कोणत्याही घरात असेल त्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी मोठी होती. तरीही शंभराच्या आसपास रुग्णांचे यकृत निकामी झाले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. डायलिसिसमध्ये पाणी रक्ताच्या अगदी जवळून वाहते, त्यामुळे तिथे विषाची अगदी थोडी मात्राही प्राणघातक ठरते. हा धोका घरातल्या पेल्याशी जोडता येणार नाही, हे मान्य. पण करुआरूने एक गोष्ट पक्की केली. फिल्टरचे टप्पे किती आहेत यावर सुरक्षितता ठरत नाही. त्यांतला एखादा तरी टप्पा नेमक्या याच विषासाठी आहे का, त्याची क्षमता शिल्लक आहे का, आणि आत येणारे पाणी किती वाईट आहे, यावर ती ठरते.

आता घरातले फिल्टर एकेक करून पाहू. कँडलची छिद्रे साधारण एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून थोडी लहान असतात, तर मायक्रोसिस्टिनचा रेणू काही नॅनोमीटरचा, म्हणजे त्या छिद्राहून शेकडो पट लहान. कँडल अखंड पेशी रोखते, विरघळलेले विष रोखत नाही. अतिनील किरणांचे यंत्र जिवाणू मारण्याइतकी मात्रा देते, आणि ती हे विष मोडायला पुरत नाही. उरतो सक्रिय कोळसा. कोळशाच्या प्रत्येक दाण्यात असंख्य छिद्रांचे जाळे असते आणि रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. इथेही छिद्रांच्या मापावर सगळे अवलंबून आहे. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कोळशाची छिद्रे बहुतेक अतिसूक्ष्म असतात. क्लोरीनसारख्या लहान रेणूंना ती चालतात, पण मायक्रोसिस्टिनसारखा थोराड रेणू त्यांत मावत नाही. लाकडापासून केलेल्या कोळशात मध्यम मापाची छिद्रे जास्त असतात आणि तो इथे अधिक उपयोगी पडतो. पाणी कोळशाच्या सहवासात किती वेळ राहते हेही तितकेच महत्त्वाचे. टोलेडोच्या घटनेनंतर ओहायोमध्ये जग-फिल्टरांची चाचणी झाली, तेव्हा सावकाश गाळणाऱ्या, मिश्र कोळशाच्या फिल्टरने विष जवळजवळ पूर्ण काढले, तर भरभर गाळणाऱ्या, फक्त करवंटीचा कोळसा असलेल्या फिल्टरमधून निम्मे किंवा त्याहून जास्त विष पार झाले. १९९८ मध्ये ॲबरडीनच्या संशोधकांनीही घरगुती फिल्टरांची मर्यादा अशीच दाखवली होती. आता अमेरिकेत मायक्रोसिस्टिनसाठी वेगळे प्रमाणीकरण आहे. हे प्रमाणपत्र हवे असलेल्या फिल्टरला विष लिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणून दाखवावे लागते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तिथल्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये हीच पातळी सांगितली आहे. थोडक्यात, पाणी गोड लागते म्हणून फिल्टर चांगला, हा निकष १८९४ मध्ये खोटा ठरला होता आणि आजही खोटाच आहे.

इथे पहिला आक्षेप येतो तो आरओचा. आरओचा पडदा क्षारांचे लहानसे आयनही रोखतो, मग हजाराच्या आसपास रेणुभार असलेले हे विष त्याला कसे चुकवणार? हा आक्षेप बरोबर आहे. चांगल्या स्थितीतला आरओ पडदा मायक्रोसिस्टिनचा फार मोठा भाग अडवतो, आणि ज्या घरात तो आहे त्या घराला त्याचा खरा आधार आहे. पण आपल्याकडे आरओ लोकप्रिय झाला तो बोअरवेलच्या क्षारांच्या आणि जडपणाच्या भीतीने. पडद्याला चीर गेली किंवा त्याच्या कडेची सील सैल झाली, तर विष पार होते का हे सांगणारी कोणतीही खूण घरात नसते. क्षारांचा आकडा दाखवणारे यंत्र विषाबद्दल काही सांगत नाही. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर पाणी टाकून देतो. याच कारणाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये कमी क्षारांच्या पाण्यावर आरओ वापरण्याला बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. मुख्य म्हणजे आरओ फक्त त्याच्या मालकाचे रक्षण करतो. धरणावर तोंड लावणारी म्हैस, वस्तीवरचे ऊसतोड कुटुंब, सार्वजनिक नळावर कळशी भरणारी मुलगी यांना त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो इतिहासातूनच येतो. घरातल्या फडक्याने नारू संपवला, मग घरगुती फिल्टर हा सार्वजनिक उपाय होऊ शकत नाही असे कसे म्हणता येईल? महाराष्ट्र हे नारूचे एक जुने घर होते, त्यामुळे हे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. पण त्या मोहिमेत फडके एकटे नव्हते. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवता येईल अशा बारवा आणि विहिरींवर कठडे बांधून त्यांचे रूपांतर शेंदायच्या विहिरींत केले गेले, हातपंप बसवले गेले, पाणवठ्यांत सायक्लॉप्स मारणारे औषध टाकले गेले, आणि प्रत्येक रुग्ण शोधून त्याला पाण्यात उतरण्यापासून परावृत्त केले गेले. फडके हा एका सामूहिक मोहिमेतला शेवटचा पदर होता, आणि शत्रू फडक्यात मावणारा होता. शेवाळाच्या विषाबाबत या दोन्ही गोष्टी नाहीत.

सार्वजनिक शुद्धीकरण किती पुढे जाऊ शकते, याचा पुरावा १८९२ च्या हॅम्बुर्गमध्ये सापडतो. त्या वर्षी हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने सुमारे ८,६०० माणसे मेली. शेजारचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीतून, हॅम्बुर्गच्या मैल्यानंतरचे अधिक घाण पाणी उचलत होते, तरी ते बरेचसे बचावले. फरक एवढाच की आल्टोना सगळ्या गावाचे पाणी वाळूच्या संथ गाळणीतून सोडत होते आणि हॅम्बुर्ग ते तसेच पाजत होते. दोन्ही शहरांच्या हद्दीवरच्या रस्त्यात एका बाजूच्या घरांत रोग होता आणि दुसऱ्या बाजूला तो जवळपास नव्हता. या जुन्या तंत्राचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. संथ गाळणीत वाळूच्या वरच्या भागात जिवाणूंचा जिवंत थर तयार होतो, आणि त्यातले काही जिवाणू मायक्रोसिस्टिनची बंद साखळी तोडून ते खाऊन टाकतात. या कामाला मोठी वाळूची खाचरे आणि संथ, अखंड वाहणारे पाणी लागते, म्हणून ते स्वयंपाकघरात होत नाही. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात अखंड पेशी हळुवारपणे गाळून काढणे, मग कोळशाची भुकटी किंवा ओझोन वापरणे आणि योग्य आम्लतेला क्लोरीन देणे, असे एकामागून एक टप्पे रचता येतात आणि दररोज त्यांची मोजणी करता येते. घरात कोणी दररोज मोजणी करत नाही.

तिसरा आक्षेप असा की शेवाळ तळ्यांत पूर्वीपासूनच आहे आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी तेच पाणी प्यायले. त्यात तथ्य इतकेच की प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते; अनेक जाती आणि वाण विष तयारच करत नाहीत. पण शेवाळ असणे आणि ते माजणे यांत फार फरक आहे, आणि ते कशाने माजते हे आता बरेच स्पष्ट झाले आहे. १९७३ मध्ये कॅनडातल्या ओन्टारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने दोन कुंडे जोडल्यासारखे, मध्ये चिंचोळे असलेले एक तळे पडद्याने विभागले. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन टाकले, एका बाजूला त्यांच्याबरोबर फॉस्फरसही टाकला. फॉस्फरसची बाजू नील-हरित शेवाळाने गच्च भरली आणि दुसरी बाजू स्वच्छ राहिली. ईरी सरोवराचा इतिहास हीच गोष्ट मोठ्या मापावर सांगतो. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी महासरोवरांच्या पाण्याबाबत करार केला, सांडपाण्यातला आणि धुण्याच्या साबणांतला फॉस्फरस कमी केला, आणि मेले असे समजले गेलेले सरोवर सावरले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे शेवाळ पुन्हा वाढले आणि २०१४ मध्ये टोलेडोच्या नळांत उतरले. चीनमध्ये २००७ मध्ये ताइहू तलावाच्या शेवाळामुळे वूशी शहरातल्या सुमारे वीस लाख लोकांचे पाणी तोडावे लागले, तेही याच कारणाने. आजोबांच्या तळ्यात इतका मैला, इतका साबण आणि इतके खत येत नव्हते.

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणी आणि भीमा यांच्यामार्गे उजनी धरणात उतरते, वाटेत ऊसाच्या शेतांतले खत त्यात मिसळते, आणि उन्हाळ्यात फुगवट्याचे पाणी हिरवे पडते. सोलापूर शहर आणि धरणाकाठची असंख्य गावे याच पाण्यावर आहेत. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर शेवाळाचा हिरवा थर आणि त्याची दुर्गंधी शहराने अनेकदा सोसली आहे. या पाण्यात किती विष आहे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, आणि म्हणूनच ते नियमितपणे मोजले जायला हवे. आपल्याकडे हिरव्या पाण्यावरची चर्चा अजून वास, मासे आणि जलपर्णी यांपाशीच थांबते. पाणी हिरवे झाले की घरचा फिल्टर बदलायचा, हा जो उपाय शहरांत रूढ झाला आहे, त्याने प्रश्न धरणातून उचलून स्वयंपाकघरात आणला आहे.

पाणवठा सुधारेपर्यंत माणसांनी प्यायचे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही आणि टाळूही नये. पाणी हिरवे दिसत असेल, त्यावर रंगासारखी साय असेल, तर ते उकळून पिऊ नये; बोअरवेलसारखा दुसरा स्रोत असेल तर तो वापरावा, आणि त्याच्या क्षारांची वेगळी तपासणी करावी. फिल्टर घ्यायचाच तर मायक्रोसिस्टिनसाठी तपासलेला कोळशाचा किंवा आरओचा घ्यावा, आणि त्याची कार्ट्रिज सांगितलेल्या मुदतीच्या आत बदलावी. लहान मुलांची बाटली, यकृताचे रुग्ण आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांची काळजी सर्वांत आधी घ्यावी. गुरांना साय धरलेल्या काठावर पाणी पाजू नये. तलावावर मोरचूद टाकून एका दिवसात हिरवा रंग घालवण्याचा आग्रह कोणत्याही ग्रामपंचायतीने धरू नये, कारण पाम बेटाने त्याची किंमत मोजली आहे.

एवढे करूनही हे सगळे उपाय त्या त्या दिवसापुरतेच आहेत. दीडशे वर्षांचा पुरावा सांगतो की घरातल्या फिल्टरने एका घराला काही काळ वाचवले, तर पाणवठ्याची राखण आणि सार्वजनिक शुद्धीकरण यांनी शहरेच्या शहरे वाचवली. म्हणून उजनीसारख्या प्रत्येक पिण्याच्या जलाशयात उन्हाळ्यात शेवाळाच्या विषाची मोजणी व्हावी, ती लोकांना जाहीर केली जावी, आणि वरच्या शहरांनी आपला मैला शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये. ही मागणी प्रत्येक नागरिकाने आपल्या महापालिकेकडे आणि जिल्हा परिषदेकडे करावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत सोडू नये.